काटा पडला, पण इंजिन चालू होतं

तात्या, उद्या तुमचं तेरावं. सकाळच्या गाडीनं मी कुंडलला येणार, काकींच्या शेजारी बसणार, तुमच्या फोटोला हात जोडणार. बायका एकमेकींना सांगतील, ही ती साताऱ्याची पोरगी, तात्यांचा हिच्यावर लय जीव. त्याआधी एक गोष्ट तुम्हाला सांगून टाकते. नाहीतर तिथं मला मान वर करून बसवणार नाही.

त्या सोमवारी तुम्ही विचारलंत, "पैल्या मशिनीत बी ह्येच हाय का?" मी म्हणाले, "नाही, त्यात नाही." ते खोटं होतं. पहिल्या मशीनमध्येही तीच चूक होती. ते मशीन वर्षभर एका फ्लाइंग स्कूलमध्ये पोरांना शिकवतंय आणि त्यातली काही पोरं आता खरी विमानं उडवतायत. हे मला तेव्हाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

आता रडत बसले तर लिहून व्हायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्हाला माहीत असलेलंही सांगते. चेकलिस्ट पाठ असली तरी वाचायची, हे तुमचंच म्हणणं होतं ना? मग ऐका.

साताऱ्याच्या एमआयडीसीत शेवटच्या रांगेत आपली पत्र्याची शेड. शेजारचा प्रेसवाला दिवसभर धाडधाड पत्रे दाबत असतो आणि आत आपलं विमान. पंख नाहीत, शेपूट नाही, चाकं नाहीत, नुसतं तोंड. दोन खुर्च्या, समोर गोल गोल काट्यांची रांग, मधे दोन इंजिनांचे दांडे. विमान शिकणारी पोरं त्यात बसून आधी जमिनीवर चुका करतात, म्हणजे वर गेल्यावर करू नयेत. त्याचं सॉफ्टवेअर मी लिहायचे. तुम्ही उभा जन्म विमानांची उपकरणं उघडण्यात आणि बसवण्यात घालवलेला माणूस, आधी फौजेत, मग एका खासगी चार्टर कंपनीत. आपल्याकडं तुमचं काम बिघाडांचं. कुठलं उपकरण कसं मरतं ते तुम्ही सांगायचं, आणि मी ते तसं मारायचं.

पहिल्याच दिवशी आपलं वाजलं. विमान सरळ आहे की कललंय हे दाखवणारं जे उपकरण असतं, त्याचा बिघाड मी मोठ्या ऐटीत तयार करून ठेवला होता. बटण दाबलं. उपकरण टुणकन उलटं झालं आणि वर लाल पट्टी आली. तुम्ही पोट धरून हसलात. मला असा राग आला! लोणंदच्या बाजूची पोर, इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरी करून परत आलेली, आणि हा म्हातारा माझ्या कामाला हसतोय.

"हसायला काय झालं?"

"आगं, ही काय मेली व्हय? ही तमाशातल्यावाणी मेली. तुझा बाप काय करतो?"

त्याचा इथं काय संबंध, असं मनात आलं, पण सांगितलं. मेंढरं होती, आता निम्मी शेती निम्मी मेंढरं.

"मग मला सांग, मेंढरू आजारी पडतं तवा एकदम आडवं हुतं काय?"

न विचार करता माझ्या तोंडून घरची बोली बाहेर पडली. "न्हाई. आदी कळपाच्या मागं ऱ्हातं. मग मान खाली घालून खाल्ल्यावाणी करतं, पर खात न्हाई."

"हां! खाल्ल्यावाणी करतं. त्ये लिही."

मग समजावलंत. त्या उपकरणाच्या पोटात एक भोवरा असतो. पंप हवा ओढतो, त्या हवेवर भोवरा फिरतो. पंप मेला तरी भोवरा लगेच थांबत नाही. मिनिटामिनिटानं मंदावतो, आणि तोवर उपकरण खरं सांगितल्यासारखं करत थोडं थोडं खोटं सांगत जातं. त्याच्यावर भरवसा ठेवून पायलट विमान हळूहळू कलतं करत नेतो. ढगात असला तर त्याला कळतही नाही. मी आठ दिवस खपून ते मरण पुन्हा लिहिलं. तुम्ही खुर्चीत बसलात, सगळं बघितलंत आणि म्हणालात, "आता मेलं बघ नीट." तेव्हापासून आपलं जमलं.

जमलं म्हणजे काय, रोज भांडत होतो. तुमची ती टकटक! बोटाच्या पेरानं काचेवर टकटक केल्याशिवाय तुम्ही काटा वाचायचा नाहीत. जुन्या उपकरणातला अडकलेला काटा त्यानं सुटायचा म्हणे. आपल्याकडं काच कसली, कॉम्प्युटरचा पडदा, तरी टकटक. नितीन, आपला वायरिंगवाला, ओरडायचा, "तात्या, पडदा फुटंल!" आणि तुमचा तो नियम: ज्यानं बिघाड लिहिला त्यानं तो तपासायचा नाही, आणि जो तपासणार त्याला काय मरणार ते सांगायचं नाही. मी म्हणायचे, वेळ जातो यात. तुम्ही म्हणायचात, "ज्याला म्हाईत हाय काय मरणार, त्यो बघतच न्हाई. नुसती वाट बघतो." खरं सांगू? तुमच्या पाठीमागं तो नियम मी सर्रास मोडायचे. तुम्ही गावी गेलात की माझे बिघाड मीच मारून मीच पास करायचे. तुम्हाला संशय होता, बोलला नाहीत.

तर तो सोमवार.

दुसरं मशीन तयार होतं, गुरुवारी ते न्यायला माणसं येणार होती. चौऱ्याऐंशी बिघाडांपैकी त्र्याऐंशींवर तुमची सही झालेली. उरला होता एकच. डाव्या इंजिनाच्या तेलाच्या दाबाचा काटा. इंजिन नाही, तेल नाही, फक्त काटा मरतो. पहिल्या मशीनच्या वेळी तुम्ही नातवाच्या बारशाला गावी होता म्हणून तो मीच तपासला होता. मीच लिहिला, मीच पास केला.

तुम्ही डाव्या खुर्चीत होतात आणि मी मागं टेबलावर. मी काटा पाडला. तुम्ही काहीच केलं नाहीत, हात मांडीवर ठेवून बसून राहिलात.

"तात्या, झोपलात का?"

"थांब की."

अर्धं मिनिट गेलं. डावं इंजिन खोकलं, फडफडलं आणि बंद पडलं. तुम्ही मान वळवून माझ्याकडं बघितलंत.

"ह्ये का बंद पडलं?"

"तेलाचा दाब शून्य झाला ना. तेल नाही म्हटल्यावर इंजिन जाम होणारच."

"दाब कुठं शून्य झाला? काटा शून्य झाला. त्याल हाय तितंच हाय."

मला त्याच क्षणी कळलं, तात्या. प्रोग्रॅममध्ये तेलाच्या दाबासाठी मी एकच खण ठेवला होता. काटाही त्यातलाच आकडा वाचायचा आणि इंजिनही त्यातलाच. काटा पाडायचा म्हणून खणात शून्य टाकलं की इंजिनालाही वाटायचं, आपलं तेल संपलं. खरं काय आहे ते एका खणात आणि दाखवायचं काय ते दुसऱ्या खणात, असं पहिल्या दिवसापासून ठेवायला हवं होतं. शेंबड्या पोरालाही कळेल एवढी साधी गोष्ट. पण पायाच तसा घातलेला. सगळ्या काट्यांचे खण वेगळे करायचे म्हणजे महिनाभराचं काम, आणि गुरुवार तीन दिवसांवर.

"चुकलं" म्हणायला हवं होतं. पण मी कसली म्हणते! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "खऱ्या विमानातसुद्धा तेलाचा काटा शून्यावर आला की पायलट इंजिन बंदच करतो. मग काय फरक पडतो?"

"शेजारचा काटा बगायचा आदी. तेलाचं तापमान. दाब खरंच गेला आसंल तर तापमान चढाय लागतंय. ते हाय तितंच आसंल तर काटा मेलाय, इंजिन न्हाई. मग हात लावायचा न्हाई, नुसतं बगत बसायचं." तुम्ही हे हळू आवाजात बोलत होता. तुमचा आवाज हळू झाला की मला भीती वाटायची. "तुझ्या मशिनीत बसल्यालं पोरगं काय शिकंल? काटा पडला की इंजिन मरतंच, म्हनून त्ये मरायच्या आदी आपणच मारा. आन् त्या दिवशी दुसरं इंजिन खरंच आजारी आसलं म्हंजे?"

आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारलात आणि मी ते उत्तर दिलं. का दिलं ते लपवत नाही. मला एवढंच दिसत होतं की मी हो म्हटलं की तुम्ही उभ्या उभ्या त्या शाळेला फोन लावणार, मालक डोकं धरून बसणार, आणि सगळी एमआयडीसी म्हणणार, बघा, मेंढरं राखायची सोडून विमानं करायला निघाली. माझ्या नाकाची काळजी होती मला. वर उडणारी पोरं त्या क्षणी माझ्या डोळ्यासमोर आलीच नाहीत.

तुम्ही माझ्या उत्तरावर विश्वास ठेवलात का? अजून कळत नाही. मग तुम्ही ती गोष्ट सांगितलीत, जी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. त्या चार्टर कंपनीत तुम्ही तेलाच्या दाबाची दोन्ही उपकरणं बदलली होती. पाठीमागं दोन सारखेच जोड. डाव्याचा उजव्याला बसला, उजव्याचा डाव्याला. जमिनीवर दोन्ही इंजिनं चालवून बघितली. दोन्ही धडधाकट, दोन्ही काटे एकाच जागी उभे, मग कळणार कसं? वर गेल्यावर डाव्या इंजिनाचं तेल खरंच गेलं आणि काटा पडला उजवा. पायलटनं चांगलं इंजिन बंद केलं आणि आजारी इंजिनावर धूर सोडत विमान खाली आणलं.

"मानसं उतरली, च्या प्याली. कोण मेलं न्हाई, म्हनून कोण लय बोललं बी न्हाई. पर म्या त्या दिवसापास्नं..."

तुम्ही वाक्य पुरं केलं नाहीत, आणि ते करायला मीही सवड दिली नाही. मी म्हणाले, "तात्या, तुमची जुनी चूक माझ्या डोक्यावर कशाला मारताय?"

असं म्हणाले मी, माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला. नितीन खाली बघायला लागला. तुम्ही लाल-निळी पेन्सिल खिशाला लावलीत, सही न करता कागद टेबलावर ठेवलात आणि छातीवरनं हात फिरवलात.

"काय होतंय?"

"काय न्हाई. पित्त झालंय."

"मग सोडा प्या," मी म्हणाले. काळजीनं नाही तात्या, तणतणत.

आठवडाभर साताऱ्यात खोलीवर राहणारा माणूस, त्या दिवशी खोलीवर न जाता स्टँडवर गेलात आणि गावाकडची एसटी धरलीत. मी हाक मारली नाही. सकाळी तुमच्या मुलाचा नितीनला फोन आला. घराबाहेरच्या कट्ट्यावर बसून तुम्ही बूट घालत होता. एक घातला होता. काकी चहा घेऊन आल्या तोवर तुम्ही भिंतीला टेकला होतात.

कुंडलला त्या दिवशी काकींनी मला जवळ बसवलं आणि विचारलं, "तुला म्हाईत हुतं का गं?" मला वाटलं, भांडणाबद्दल विचारतायत. पण त्या सांगत होत्या की महिन्यापूर्वी सांगलीच्या डॉक्टरनं तुम्हाला ताबडतोब तपासणीला भरती व्हायला सांगितलं होतं. तुम्ही कागदाची घडी घालून बॅगेत ठेवलीत आणि म्हणालात, मशीन गेली की करतो. माझं मशीन!

राग येतो तुमचा, तात्या. असा राग येतो की फोटोवर हार दिसतो तिथं ओरडावंसं वाटतं. जगाला शिकवत होतात, एका काट्यावर भरवसा ठेवू नका, शेजारचा बघा. आणि स्वतःच्या बाबतीत काय केलंत? पित्त म्हणे! आणि तुमच्यावर तरी कशाला ओरडू? शेडचा जिना चढताना तुम्ही दोनदा थांबायचात. डबा अर्धा परत न्यायचात. खाल्ल्यावाणी करायचात आणि खायचा नाहीत. मेंढरांच्या घरची पोर मी, मला कळायला नको होतं?

काकींना मी विचारलं, "माझ्यावर रागावले होते का?"

"न्हाई बाई. जेवताना एवढंच म्हनलं, पोरगीला बोलून कळायचं न्हाई. उद्या पैल्या गाडीनं जातो आन् खुर्चीत बसवतो."

मालकांनी मशीनची तारीख पुढं ढकलली, तेराव्यानंतरची केली. ते वाईट माणूस नाहीत, तुमच्यासाठी डोळे पुसले त्यांनी. पण चौथ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, तो एक बिघाड यादीतून काढून टाक, त्र्याऐंशी दाखवू, आणि सही तू कर. पहिल्या मशीनचं? ते आता उकरायचं नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझी ती भेकड सवय तुम्हाला माहीतच आहे, जागेवर उत्तर देता आलं नाही की मी फोनमध्ये बघत बसते.

पण घरी गेले तरी "खुर्चीत बसवतो" हे काही डोक्यातून जाईना. पाच दिवस बसले आणि फक्त डाव्या इंजिनाच्या तेलाचे दोन खण वेगळे केले. खरं एकीकडं, दाखवायचं एकीकडं. कच्चंच काम, पण चाललं. दहाव्या दिवशी दुपारी नितीनला टेबलावर बसवलं आणि मी डाव्या खुर्चीत बसले.

"काय मारायचं ते तू ठरव. मला सांगू नकोस. आणि दया दाखवू नकोस."

"नक्की?" तो म्हणाला. "तात्या असते तर त्यांनी तुला सोडलं नसतं."

"म्हणूनच."

विमान वर घेतलं, ढगात शिरले. समोर पांढरं, नुसते काटे. पाच मिनिटं काहीच नाही. मी माझंच मशीन, माझीच खुर्ची, माझेच काटे, असं स्वतःला समजावत होते. उंची ठीक, वेग ठीक. आणि डाव्या इंजिनाच्या तेलाचा काटा हलला. खाली, आणखी खाली, शून्य.

तात्या, मला सगळं माहीत होतं. हा बिघाड मी लिहिलेला, त्याची दुरुस्ती माझी, त्याच्यावरून तुमच्याशी भांडले मी, तुम्हाला नाही नाही ते बोलले मी. जगात कुणाला माहीत असेल तर मला. आणि माझा हात गेला! डाव्या इंजिनाचा दांडा मागं, पंख्याचा दांडा मागं, इंधन बंद. एका दमात, सराईतासारखं. पडद्यावर डाव्या इंजिनाचा पंखा फिरायचा थांबून, पाती वळवून उभा राहिला तेव्हा माझी नजर शेजारच्या काट्यावर गेली. तापमान होतं तिथंच होतं, तसूभरही हललं नव्हतं. इंजिन ठणठणीत होतं आणि मी ते मारलं.

आणि नितीननं उजवं मारलं. खरंच मारलं, काटा नाही, इंजिन.

आवाज बंद झाला. शेजारच्या प्रेसचाही त्या वेळी नव्हता, जेवणाची सुट्टी असावी. वेग पडायला लागला, नाक खाली घातलं, उंचीचा काटा उलटा फिरायला लागला. मी डावं पुन्हा चालू करायला गेले. बंद केलेला पंखा परत फिरता व्हायला वेळ लागतो. किती, ते तुम्हीच घड्याळ लावून माझ्याकडून लिहून घेतलं होतं. मी त्या वेळेची वाट बघत बसले. ढग संपले आणि खाली शेतं आली, मग एक रस्ता, मग रस्त्याकडेची झाडं वेगळी दिसायला लागली. पंखा दोनदा हलला. मग जमीन आली आणि पडदा थांबला.

मग नितीन म्हणाला, "चहा सांगू का?" मी पट्टा सोडला.

दोन वर्षं मी तो काटा पाडत आले होते, आणि दर वेळी अर्ध्या मिनिटात इंजिन मेलं होतं. डोक्यानं काय ते शिकलं असेल, हातानं मात्र हेच शिकलं होतं. माझ्या हाताला मीच शिकवलं. मग त्या शाळेतल्या पोरांचे हात? त्यांना तर आत काय चूक आहे हेही माहीत नाही. तुम्ही मला बसवणार होतात ते यासाठीच. एसटीत बसल्या बसल्या ठरवलं असणार.

तशीच उठून केबिनमध्ये गेले. हे मशीन जाणार नाही म्हणाले, आणि पहिल्या शाळेला कळवावं लागेल. मालक उखडले. "हात दाखवून अवलक्षण कशाला गं? वर्षभरात एक तरी तक्रार आली का?"

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

"मग फोन तू कर. तुझ्या नावानं कर. आणि नंतर इथं तुझं काय होईल ते आत्ता मला विचारू नकोस."

दोन दिवस तो नंबर उघडून बंद करत होते. एकदा रिंग गेली आणि कापला. आज सकाळी लावला, कारण उद्या तुमच्या दारात यायचं होतं.

तिथले मुख्य प्रशिक्षक तुम्हाला आठवत असतील, मशीन बसवायला गेलो तेव्हा तुम्हाला गुरुजी म्हणत होते ते. माझं नाव ऐकल्यावर खूश झाले. "अहो, बरं झालं तुम्हीच फोन केलात! तुमचं अभिनंदन करायचं होतं." मी काही बोलायच्या आत सांगायला लागले. त्यांची एक विद्यार्थिनी, गेल्या महिन्यातली गोष्ट. दोन इंजिनांचं विमान, तेलाचा दाब शून्य. शांतपणे इंजिन बंद केलं, एका इंजिनावर उतरली, ओरखडा नाही. शाळेनं हार घातला तिला. ती म्हणाली, सिम्युलेटरमध्ये हे कितीदा तरी केलं होतं, त्यामुळं हात आपोआप गेला.

"सर, इंजिन उघडल्यावर काय निघालं?"

"काही नाही, इंजिन एकदम चांगलं होतं. काट्याची वायर सैल. पण पोरीनं सांभाळलं बघा कसं!"

मग मी सांगितलं, तात्या. एक खण, दोन खण, सगळं. पहिल्या मशीनमध्ये आहे म्हणाले, वर्षापासून आहे, चूक माझी आहे, मला दोन आठवड्यांपूर्वीच कळली होती. माझं संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "आजपासून मशीनला कुलूप." आणि थोड्या वेळानं, "ती पोरगी इथंच ऑफिसात बसलीय. हे तिला मी सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. तरुण, टवटवीत आवाज, "नमस्कार मॅडम!" तिला मला थँक्यू म्हणायचं होतं. मी म्हणू दिलं नाही. तिला सांगितलं, बाळा, त्या दिवशी तुझं इंजिन चांगलं होतं, ते बंद करायची गरज नव्हती.

मला वाटलं, आता रडेल. पण मग ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मी तापमानाकडं बघितलं होतं. ते हललंच नव्हतं. मला वाटलंही, की इंजिन ठीक असावं, थांबून बघावं. पण तुमच्या मशीनमध्ये दर वेळी ते मरायचंच ना. म्हणून मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

तिनं शेजारचा काटा बघितला होता, तात्या. कुणी न शिकवता बघितला होता, आणि बघितलेलं खरं मानू नकोस, हे तिला मी शिकवलं.

"तू बरोबर होतीस," मी तिला म्हणाले. "चूक माझी होती." पाच-सहा शब्द, तोंडातून सहज बाहेर पडले, काही जड गेलं नाही. त्या सोमवारीही एवढेच म्हणायचे होते, आणि तुम्ही हाताच्या अंतरावर बसला होतात.